यानुश कोर्चाक : मुलांच्या न्यायालयात स्वतः उभा राहिलेला डॉक्टर

५ ऑगस्ट १९४२. पोलंडची राजधानी वॉर्सा. ज्यूंना कोंडून ठेवलेल्या घेट्टोतून सुमारे दोनशे अनाथ मुले रांगेने चालत रेल्वेच्या फलाटाकडे निघाली. सोबत त्यांचे शिक्षक होते आणि साठी ओलांडलेले एक डॉक्टर होते. फलाटावर मालगाडीचे डबे उभे होते. गाडी त्रेब्लिंका नावाच्या ठिकाणी जाणार होती. तिथे राहण्याची सोय नव्हती, कामाची छावणीही नव्हती. तिथे फक्त माणसे मारण्याची व्यवस्था होती. त्या डॉक्टरांचे नाव यानुश कोर्चाक. त्यांना वाचण्याची संधी अनेकदा देऊ केली गेली होती. त्यांनी ती घेतली नाही.

जगभर कोर्चाक या एका दिवसासाठी ओळखले जातात. चळवळीत काम करणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना आम्ही मात्र त्याआधीची तीस वर्षे सांगू इच्छितो. शेवटच्या दिवशी मुलांचा हात न सोडणे हे त्या तीस वर्षांतूनच आले होते. ती वर्षे बाजूला ठेवली तर कोर्चाक फक्त हौतात्म्याचा फोटो होऊन बसतात. फोटोला हार घालणे सोपे असते, काम पुढे नेणे अवघड असते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

कॅनरीची जात

कोर्चाक यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्सामधला, २२ जुलैचा. साल १८७८ की १८७९ याबद्दल त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नव्हती. वडील वकील. घर सुशिक्षित, सुस्थितीतले, पोलिश भाषा बोलणारे. धर्माचे अवडंबर घरात नव्हते. आपण ज्यू आहोत हे लहान हेन्रिकला ठाऊकही नव्हते म्हणा ना.

ते त्याला कळले एका पक्ष्यामुळे. हेन्रिक पाचेक वर्षांचा असताना त्याचा पाळलेला कॅनरी पक्षी मेला. मुलाने तो डब्यात ठेवला, अंगणात पुरायचे ठरवले आणि वर लाकडी क्रॉस लावायचे ठरवले. इमारतीच्या रखवालदाराच्या मुलाने त्याला अडवले. हा पक्षी ज्यू आहे, त्याला क्रॉस लावता येणार नाही, असे त्याने सांगितले. आणि हेन्रिकही ज्यूच आहे, हेही सांगितले. पाच वर्षांच्या मुलाला कोडे पडले. पक्ष्याला धर्म कसा असेल? मेल्यावरही तो वेगळा कसा?

आपल्यापैकी अनेकांना हा प्रसंग परका वाटणार नाही. आपली जात आपल्याला पहिल्यांदा दुसऱ्यानेच सांगितलेली असते. बहुतेक वेळा शाळेत, पाण्याच्या माठाजवळ किंवा मित्राच्या घराच्या उंबरठ्यावर. रखवालदाराचा मुलगा दुष्ट नव्हता. मोठ्यांकडून ऐकलेले त्याने पुढे सांगितले होते. भेदभाव असाच पिढीतून पिढीत उतरतो, तोही अगदी खेळता खेळता.

पुढे वडिलांना मानसिक आजार झाला. उपचारात घरातला पैसा संपला आणि १८९६ साली ते गेले. शाळेत शिकणारा हेन्रिक शिकवण्या घेऊन आई आणि बहिणीला हातभार लावू लागला. १८९८ साली एका साहित्यस्पर्धेसाठी त्याने यानुश कोर्चाक हे टोपणनाव घेतले. तेच नाव पुढे जगाने लक्षात ठेवले.

दवाखान्यातून अनाथालयाकडे

कोर्चाक डॉक्टर झाले. वॉर्साच्या ज्यू बालरुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले, रशिया-जपान युद्धात सैन्यातील डॉक्टर म्हणूनही गेले. लेखक म्हणून नाव झाले होते, श्रीमंत घरांतून बोलावणी येत होती. पण दवाखान्यात एक गोष्ट त्यांना रोज दिसत होती. गरीब वस्तीतले मूल बरे होऊन घरी जाई आणि त्याच कोंदट खोलीत, त्याच उपासमारीत पुन्हा आजारी पडे. औषधाने ताप उतरे, पण परिस्थिती तशीच राही. समाजकार्य शिकताना आपण ज्याला मूळ कारण म्हणतो, ते त्यांना रुग्णांच्या खाटेशेजारी सापडले.

१९१२ साली वॉर्सामधल्या क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी नवी इमारत उभी राहिली. कोर्चाक तिचे संचालक झाले. रुग्णालयाची नोकरी त्यांनी सोडली आणि त्याच इमारतीच्या माळ्यावर राहायला गेले. शंभराहून थोडी अधिक मुले, वय साधारण सात ते चौदा. त्यांच्यासोबत होत्या स्टेफानिया विल्चिन्स्का. त्या बेल्जियममध्ये शिकून आलेल्या शिक्षिका होत्या. मुले उठवणे, जेवण, कपडे, आजारपण, हिशेब असा घराचा सारा रोजचा भार त्यांनी तीस वर्षे सांभाळला. कोर्चाक पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले तेव्हा संस्था त्यांनी एकटीने चालवली. १९३९ साली त्या पॅलेस्टाईनमध्ये सुरक्षित होत्या, तरी परत वॉर्साला आल्या. इतिहासात नाव एकाचे राहते आणि खांदा दुसऱ्याचा लागलेला असतो. बहुतेक वेळा तो खांदा बाईचा असतो. म्हणून कोर्चाक यांच्यासोबत हे नावही घ्यायला हवे.

मुलांचे न्यायालय

या घरात मोठ्यांच्या मर्जीने काही चालत नसे. नव्या मुलाला सांभाळायला एक जुना मुलगा किंवा मुलगी नेमली जाई. घरातली कामे वाटून घेतलेली असत आणि झाडू मारणे हे काम अभ्यासाइतकेच मानाचे होते. भिंतीवर सूचनाफलक होता. एक पत्रपेटी होती. ज्याला बोलायला लाज वाटते, राग आला आहे किंवा प्रश्न विचारायचा आहे, त्याने लिहून टाकावे. उत्तर मिळेच. मुलांची संसद होती, मुलांचे वर्तमानपत्र होते.

आणि मुलांचे न्यायालय होते. कुणीही कुणावरही तक्रार करू शके. न्यायाधीश मुलेच असत, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. न्यायालयाची एक संहिता होती. तिचे पहिले तत्त्व क्षमेचे होते. मुलाने चूक केली असेल तर ती न कळून झाली असेल, मोहाने झाली असेल, तो सुधारण्याच्या वाटेवर असेल, असे मानून सुरुवात करायची. पहिली नव्याण्णव कलमे आरोप रद्द करण्याची, समजून घेण्याची आणि माफ करण्याची होती. दोष ठरवणारी कलमे शंभरपासून पुढे सुरू होत. एक हजारावे कलम घरातून काढून टाकण्याचे होते आणि ते फार क्वचित वापरले जाई.

पण संस्थेचा खरा कणा वेगळाच होता. या न्यायालयापुढे मोठी माणसेही उभी राहत. कोर्चाक यांनी स्वतः सहा महिन्यांत पाच वेळा आपल्यावर खटला चालवून घेतला. एका मुलाचा कान पिळला, एकाला झोपायच्या खोलीतून बाहेर काढले, एकाला कोपऱ्यात उभे केले, एका न्यायाधीशाचा अपमान केला आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला, अशी ती कारणे. मुलांनी निकाल दिला आणि संचालकांनी तो मान्य केला. या काही खटल्यांनी आपल्याला नव्याने शिक्षक म्हणून घडवले, असे त्यांनी नंतर नोंदवून ठेवले आहे.

इथे जरा थांबून विचार करू. शंभर वर्षांपूर्वी, ज्या समाजात मुलाला छडी मारणे हा शिक्षणाचाच भाग मानला जाई, तिथे दहा वर्षांचे मूल संस्थेच्या प्रमुखाला जाब विचारू शकत होते. सत्ता हातात असलेल्याने स्वतःला नियमाखाली आणणे म्हणजेच लोकशाही. संविधान आपल्याला जे सांगते तेच या घरात रोज घडत होते.

कोर्चाक लिहीतही राहिले. मुलांवर प्रेम कसे करावे आणि मुलांचा आदराचा हक्क काय, या विषयांवर त्यांनी पुस्तके लिहिली. एका बालराजाची कादंबरी लिहिली. हा राजा मुलांची संसद भरवतो आणि शेवटी हरतो. १९२४ साली राष्ट्रसंघाने जिनिव्हामध्ये बालहक्कांचा जाहीरनामा मांडला, तेव्हा त्यात मुलांसाठी केलेली विनवणी आहे, हक्काची मागणी नाही, अशी टीका त्यांनी केली. मूल हे पुढे कधीतरी होणारे माणूस नाही. ते आजच माणूस आहे. त्यांच्या सगळ्या लिखाणाचा गाभा हाच. १९२६ पासून त्यांनी मुलांनीच लिहिलेले साप्ताहिक सुरू केले. ते एका मोठ्या वर्तमानपत्राची पुरवणी म्हणून १९३९ पर्यंत निघत राहिले. देशभरातली मुले त्याला पत्रे पाठवत.

मूल आधी माणसातून उठवले जाते

नरसंहार एका दिवसात होत नाही. गॅस चेंबरच्या फार आधी वर्ग, बाक, पुस्तक आणि शब्द तयार होतात.

जर्मनीत १९३३ साली नाझी सत्तेवर आले. १९३५ च्या न्युरेम्बर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. शाळांत वंशशास्त्र शिकवले जाऊ लागले. मुलांची डोकी, नाके मोजून कोण श्रेष्ठ आणि कोण हीन, हे फळ्यावर काढून दाखवले जाई. १९३८ साली लहान मुलांसाठी एक सचित्र पुस्तक निघाले. त्यात ज्यूंची तुलना विषारी अळंबीशी केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकण्यात आले. ज्या जर्मन मुलांनी ती पुस्तके वाचली, त्यांना शेजारच्या बाकावरची मैत्रीण एक दिवस दिसेनाशी झाली आणि त्यात काही गैर आहे असेही वाटेनासे झाले.

पोलंडवर तेव्हा जर्मनांचा ताबा नव्हता, पण हवा तिथेही तीच होती. कोर्चाक १९३४ पासून रेडिओवर म्हातारा डॉक्टर या नावाने बोलत. ज्यू नाव नको म्हणून त्यांचे नाव सांगितले जात नसे. लहानथोर तो कार्यक्रम आवडीने ऐकत. १९३६ साली ज्यूविरोधी वातावरणात तो बंद झाला. १९३७ साली पोलिश विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांसाठी वेगळे बाक ठरवले गेले. अनेक विद्यार्थी निषेध म्हणून त्या बाकांवर न बसता उभे राहून व्याख्याने ऐकत.

वेगळा बाक म्हटल्यावर आपल्याला साताऱ्याची शाळा आठवल्याशिवाय राहत नाही. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा भीमराव आणि शिपाई नसेल तर दिवसभर पाण्याविना राहणारा भीमराव. बाबासाहेबांनी स्वतः नाझींचा ज्यूद्वेष आणि आपल्याकडची अस्पृश्यता यांतले साम्य त्याच काळातल्या लिखाणात दाखवून दिले होते. दोन्ही इतिहास एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. एकात काही वर्षांत सारी जमात पुसून टाकण्याचा सरकारी बेत होता. दुसऱ्यात शतकानुशतके माणसाला जिवंत ठेवून माणूसपण नाकारण्याची धार्मिक व्यवस्था होती. पण दोन्हींची पहिली पायरी सारखी आहे. मुलाला आधी घाणेरडे म्हणायचे, मग वेगळे बसवायचे, मग त्याच्या दुःखाकडे पाहायची गरजच उरत नाही.

भिंतीच्या आत

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंड जिंकला. ज्यूंच्या शाळा बंद केल्या गेल्या. दहा-बारा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने दंडावर निळ्या ताऱ्याची पांढरी पट्टी बांधावी असा हुकूम निघाला. ज्यू म्हणजे उवा, ज्यू म्हणजे टायफस, अशी भित्तिपत्रके लागली. रोगाचे कारण सांगून माणसांना कोंडण्यात आले. नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्साचे घेट्टो बंद झाले. शहराच्या सुमारे तीस टक्के लोकांना अडीच टक्क्यांहून कमी जागेत ढकलले गेले. पुढच्या वसंतापर्यंत तिथे साडेचार लाखांवर माणसे होती. दिवसाला मिळणारे रेशन दोनशे कॅलरींच्याही आत होते. म्हणजे उपासमार हा अपघात नव्हता, ते धोरण होते. रोगही उपासमारीतून आणि गर्दीतून आला आणि त्याचा दोष पुन्हा ज्यूंवरच आला. आधी माणसाला घाणीत लोटायचे आणि मग घाण त्याचीच म्हणायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

या घेट्टोत सगळ्यात जास्त पिळवटली गेली ती मुले. सहा-सात वर्षांची पोरे भिंतीखालच्या भोकातून सरपटत बाहेर जात आणि कोटाच्या अस्तरात बटाटे लपवून आणत. कितीतरी घरे या पोरांच्या जिवावर जगत होती. पकडले तर मार, अनेकदा गोळी. १९४१ च्या शरद ऋतूपासून परवानगीशिवाय घेट्टो सोडण्याला मृत्युदंड होता. रस्त्याच्या कडेला मेलेल्या मुलांवर वर्तमानपत्राचा कागद टाकलेला असे. १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे गाड्या सुरू होण्याआधीच, ८० हजारांहून अधिक लोक भूक आणि रोगाने मेले होते.

कोर्चाक यांच्या संस्थेलाही क्रोखमाल्ना रस्ता सोडून भिंतीच्या आत यावे लागले. या स्थलांतरात मुलांच्या बटाट्यांची गाडी जर्मनांनी जप्त केली. कोर्चाक जाब विचारायला गेले, तेही दंडावर पट्टी न बांधता. त्यांना मारहाण झाली आणि महिनाभर पाविआक तुरुंगात राहावे लागले. सुटल्यावर हा आजारी, थकलेला माणूस पाठीवर पोते घेऊन घरोघर फिरू लागला. संस्थेत आता सुमारे दोनशे मुले होती. रोजचे धान्य भिकेसारखे मागावे लागे. वर त्यांनी आणखी एका निवाऱ्याचे काम मागून घेतले. तिथे हजारभर टाकलेली मुले पटापट मरत होती आणि कर्मचारी मुलांच्या वाट्याचे अन्न चोरत होते. अत्याचाराखाली सगळेच थोर होतात असे नाही, ही बाजूही त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली.

पण घर घरासारखे चालू राहिले. अभ्यास, कामवाटप, न्यायालय, वाढदिवस सारे सुरू होते. दर आठवड्याला मुलांचे वजन आणि उंची घेण्याची कोर्चाक यांची जुनी सवय होती, ती इथेही सुटली नाही. नाझी शास्त्रज्ञही मुलांना मोजत होते. ते मोजत होते मूल कमी दर्जाचे ठरवायला. कोर्चाक मोजत होते मूल वाढते आहे ना, ते पाहायला. सामाजिक काम करणाऱ्या आम्हां सर्वांनाही हातात फॉर्म घेऊन मुलांची माहिती भरावी लागते. माहिती कशासाठी गोळा करतो, यावर तिची नीती ठरते.

टागोरांचे डाकघर

१८ जुलै १९४२ रोजी या अनाथालयात एक नाटक झाले. रवींद्रनाथ टागोर यांचे डाकघर. आजारी मुलगा अमल याला वैद्याने घराबाहेर जायला मनाई केली आहे. तो खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो, राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शेवटी शांतपणे झोपी जातो. संस्थेत काम करणाऱ्या एस्तेरा विनोग्रोन या तरुण शिक्षिकेने ते बसवले. दारे-खिडक्या बंद असलेल्या घरातला अमल आणि भिंतीआडची ही मुले यांत फारसे अंतर नव्हते. हेच नाटक का, असे विचारल्यावर कोर्चाक यांनी मृत्यूला शांतपणे सामोरे जायला शिकण्याबद्दल सांगितले, अशी आठवण सांगितली जाते. बंगालात १९११ साली लिहिलेले नाटक तीस वर्षांनी पोलिश भाषेत मृत्यूच्या दारात उभ्या मुलांच्या कामी आले. लेखक तेव्हा हयात नव्हते. टागोर आदल्या वर्षीच गेले होते.

नाटकानंतर चारच दिवसांनी, २२ जुलैला, कोर्चाक यांच्या वाढदिवशी, घेट्टो रिकामे करण्याचे काम सुरू झाले. रोज हजारो लोक पूर्वेकडे कामाला नेतो म्हणून गाड्यांत कोंबले जाऊ लागले. ज्यू परिषदेचे प्रमुख अ‍ॅडम चेर्नियाकोव यांनी निदान अनाथ मुलांना वगळा म्हणून विनवले. ते ऐकले गेले नाही. २३ जुलैला त्यांनी आत्महत्या केली.

४ ऑगस्टला कोर्चाक यांनी दैनंदिनीत शेवटचे लिहिले. ते खिडकीतल्या झाडांना पाणी घालत होते. खाली बंदूकधारी जर्मन पहारेकरी उभा होता. हा माणूस घरी असताना कोण असेल, कदाचित एखाद्या खेड्यातला शिक्षक असेल का, असा विचार त्यांच्या मनात आला. ज्याने त्यांना माणूस मानायचे नाकारले, त्यालाही त्यांनी माणूस मानणे सोडले नाही. करुणा या शब्दाचा अर्थ आम्हाला इथे नव्याने कळतो. तिच्यात भाबडेपणा नाही आणि शरणागती तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनाथालयावर हुकूम आला. काही नोंदी ही तारीख ६ ऑगस्ट सांगतात. मुलांनी नीटनेटके कपडे घातले होते, हातात बालराजाचा हिरवा झेंडा होता, असे काही साक्षीदार सांगतात. इतरांच्या आठवणी वेगळ्या आहेत. एवढे नक्की की कोर्चाक, स्टेफानिया विल्चिन्स्का आणि इतर शिक्षक मुलांसोबत गेले. पोलिश मित्रांनी बनावट कागदपत्रांची, लपण्याच्या जागेची तयारी आधी दाखवली होती, पण मुलांना टाकून जाणे त्यांना मान्य नव्हते. आणि हेही लक्षात ठेवू या की घेट्टोतल्या इतर अनाथालयांचे कितीतरी शिक्षकही असेच आपल्या मुलांसोबत गाडीत चढले. त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

त्या उन्हाळ्यात वॉर्सामधून सुमारे अडीच लाखांहून अधिक लोक त्रेब्लिंकाला नेऊन मारले गेले. साऱ्या युरोपात मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी सुमारे पंधरा लाख मुले होती. आज त्रेब्लिंकात १७ हजार ओबडधोबड दगड उभे आहेत. काही दगडांवर गावांची नावे आहेत. व्यक्तीचे नाव असलेला दगड एकच आहे, यानुश कोर्चाक यांचा, आणि त्यावर मुलांचाही उल्लेख आहे.

नागपुरात हे का सांगायचे

ज्यू आपल्याला परके नाहीत. कोकणातले शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायली. ते शतकानुशतके मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आपल्यात राहिले. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. ती बहुतेक ख्रिस्ती होती आणि सोव्हिएत छावण्यांतून सुटून आली होती. पण कोर्चाक यांच्याच देशाची ही मुले पंचगंगेकाठी शाळेत जात होती. आश्रय देता येतो, हे महाराष्ट्राने करून दाखवले आहे.

दुसरी बाजूही आहे. हिटलरचे आत्मचरित्र आजही आपल्या शहरांतल्या फुटपाथवर प्रेरणादायी पुस्तकांच्या ढिगात मिळते. माधव सदाशिव गोळवलकर यांच्या नावाने १९३९ साली नागपुरातूनच निघालेल्या राष्ट्रीयत्वावरच्या इंग्रजी पुस्तकात जर्मनीने ज्यूंना हाकलण्याचा उल्लेख वंशाभिमानाचा धडा म्हणून आला होता. हे पुस्तक आपली भूमिका मांडत नाही, असे संघाने पुढे सांगितले. पण कडक शिस्तीचा नेता हवा, असे म्हणत हिटलरचे नाव घेणारी तरुण मुले आम्हाला आपल्या वस्त्यांतही भेटतात. त्या शिस्तीची किंमत कोणत्या मुलांनी मोजली, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

आम्ही रामदासपेठेच्या आसपास मुलांसोबत काम करतो. इथे मोठी रुग्णालये आहेत, शिकवणी वर्ग आहेत, बंगले आहेत. आणि त्याच बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या आयांची मुले फाटकाबाहेर थांबलेली असतात. दीक्षाभूमी इथून जवळ. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित मुलांसाठी ठेवल्या. २०२४ साली राज्य शासनाने जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला ती रद्द करावी लागली. बाक वेगळा करण्याची इच्छा अजून गेलेली नाही. ती आता शुल्काची आणि अंतराची भाषा बोलते, एवढेच.

कोर्चाक यांचे म्हणणे पुढे जगाने ऐकले. पोलंडने १९७८ साली मांडलेल्या प्रस्तावातून २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता आली. भारताने ती १९९२ साली स्वीकारली. मुलाचे मत ऐकून घेण्याचा हक्क आता कागदावर आहे. शाळेत मारण्याला कायद्याने बंदी आहे. बालगृहांत मुलांच्या समित्या असाव्यात असा नियम आहे.

आता प्रश्न आपल्या दाराशी येतो. जयंतीला आपण मुलांना भाषण पाठ करून स्टेजवर उभे करतो, टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. पण विहारातल्या संस्कार वर्गात काय शिकवायचे, हे त्यांना विचारतो का? वसतिगृहात जेवण वाईट असेल तर मुलाने तक्रार कुठे टाकायची? शिकवणाऱ्या दादाने किंवा ताईने कानाखाली मारली तर त्याला जाब कोण विचारणार? मोठ्यांच्या अन्यायाविरुद्ध लढणारी चळवळ लहानांशी वागताना मोठ्यांसारखीच वागली, तर तिचे पुढचे कार्यकर्ते समता शिकणार कुठून?

कोर्चाक यांनी जे केले त्याला मोठा निधी लागत नाही. एक पेटी, एक फलक, आठवड्याची एक बैठक आणि मोठ्यांनाही लागू असलेले चार नियम एवढे पुरे. आपल्या विहारात, वाचनालयात, वस्तीतल्या अभ्यासिकेत या महिन्यात पत्रपेटी लावू या. तिची किल्ली मुलांच्या हातात देऊ या. आणि पहिली तक्रार आपल्याच विरुद्ध निघाली, तर ती सर्वांसमोर मोठ्याने वाचू या.